हेटीचं चौथं कुत्रं

कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत एक गंमत असते. शर्यत सुरू व्हायच्या आधी माणसांना मैदानात सोडतात... कुत्र्यांशिवाय! कुठली उडी आधी, कुठला बोगदा नंतर, कुठे वळायचं, हे पाठ करून घ्यायला. मग बघावं. एरवी बँकेत आणि शाळेत रुबाबानं वावरणारी माणसं हात पसरून ओल्या गवतात धावत असतात आणि शेजारी नसलेल्या कुत्र्याला सांगत असतात, "ये राणी, ये... उडी... शाब्बास गं माझी बाय ती!" परक्या माणसानं पाहिलं, तर यॉर्कशरचं हे अख्खं खोरं वेडं झालं म्हणेल.

हेटी अ‍ॅशवर्थ त्या सकाळी अशीच उलट्या पावली धावत होती. वरून भुरभुर चालू होती, टोपीखालून सुटलेल्या बटा गालांना चिकटल्या होत्या आणि ती आपल्या न दिसणाऱ्या बर्टीला बोगद्यातून हाका मारून बाहेर काढत होती. तेवढ्यात तिची पाठ कशावर तरी आदळली. उंच, उबदार आणि ओल्या लोकरीचा वास येणारं काहीतरी.

"अहो, माझ्या कुत्रीवर पाय दिलात!"

हेटी दचकून बाजूला झाली. खाली नुसतं गवत.

"कुठे आहे?"

"आता कुठे असणार? पळाली. चांगली सातव्या उडीपर्यंत आली होती बिचारी."

बोलणारा अगदी गंभीर होता. फक्त डोळे... डोळ्यांना काही तो गंभीरपणा जमत नव्हता.

"मग तिला आवरायचं ना," हेटी म्हणाली. "माझा बर्टी बोगद्यातून बाहेर पडत होता. दिसला नाही?"

"दिसला की. तो मघाशीच खाण्याच्या तंबूकडे गेला."

हेटीला हसू आवरेना. कारण बर्टीनं नेमकं तेच केलं असतं.

आणि केलंही. तासाभरानं खराखुरा बर्टी, म्हणजे हेटीचा लांब कानांचा म्हातारा बीगल, मैदानात उतरला. तीन उड्या मारल्या, चौथीकडे नुसतं पाहिलं आणि 'पुरे झालं बाई आता' असा चेहरा करून तंबूची वाट धरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेटीही हसली. पण पट्टा लावताना त्याची धाप हाताला लागली आणि तिचे डोळे भरून आले. बर्टी थकला होता.

"नवीन कुत्रं आण," क्लबची मॉरीन म्हणाली. मॉरीनचा आवाज तीन शेतं ओलांडून जायचा. "आणि आणशील तर कॉलीच आण, पोरी. शर्यत कॉलीनं मारायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, हेच चालत आलंय. तो जॉस मेटकाफ बघ, तुला धडकला तो. मेंढ्या पाळतो, कॉली पाळतो आणि तोंडाला कुलूप लावून फिरतो. त्याची म्हातारी कुत्री मेग, तिच्या लेकीला पिल्लं झालीत. तुझ्याशी बोलला का काही?"

"नाही... म्हणजे, कुत्रीबद्दल बोलला."

"मग पुष्कळ बोलला!"

आमच्या खोऱ्यात चांगला पाळणारा कुणाच्याही हातात पिल्लू ठेवत नाही. आधी घर बघायला येतो. चहा, केक, नीटनेटकी बैठक, सगळं साग्रसंगीत. मुलगी बघायला आल्यासारखंच. फक्त इथे मुलीऐवजी मुलीची कुत्री बघतात.

जॉस आला तेव्हा बर्टी त्याच्या बुटावर हनुवटी टेकून झोपी गेला. डॉटीनं त्याची टोपी पळवली. डॉटी म्हणजे वीतभर उंचीची टेरियर, घराची मालकीण. हेटी आपल्याकडे भाड्यानं राहते असं तिचं प्रामाणिक मत होतं. आणि तिसरी फर्न. करड्या रंगाची, काटकुळी ग्रेहाउंड. टपाल वाटत फिरताना हेटीला ती रस्त्याकडेच्या खंदकात सापडली होती. कुणी टक लावून पाहिलं तरी फर्न थरथरायची. जॉसनं तिच्याकडे पाहिलंच नाही. नुसता हात खुर्चीखाली सोडून बसला. बऱ्याच वेळानं फर्ननं तो लांबूनच हुंगला.

मग त्यानं कप खाली ठेवला. "नाही," तो म्हणाला.

"काय नाही?"

"या घरात कॉली नाही चालणार."

हेटीनं किटली आपटली. "का? मला कुत्री सांभाळता येत नाहीत?"

"तुम्हाला येतात. फर्नला नाही झेपायचं." तो शब्द शोधत होता. "कॉली मेंढ्या हाकते ना, ती दातांनी नाही, नजरेनं. घरात मेंढ्या नसल्या की जे सापडेल त्याच्यावर नजर रोखते. केरसुणीवर, मांजरावर... फर्नवर. एवढ्याशा घरात ही बिचारी जाणार कुठे?"

"पिल्लू आहे ते. मी शिकवीन."

"शिकवाल. पण रक्तात आहे ते कसं काढाल?"

खरं बोलणाऱ्याचा राग जरा जास्तच येतो. हेटी खिडकीकडे वळली. "मग आलात कशाला? केक खायला?"

"केक... बरा होता."

"बरा?"

"फार छान होता," तो घाईघाईनं म्हणाला. "हे बघा, पिल्लं उतावळी आहेत, पण आजी शहाणी आहे. रविवारी मी मेगला घेऊन येतो. दोघींना लांबलांबून चालवू. फर्नला मेग सोसली, तर पिल्लाचं बघू. तोवर एक ठेवून घेतो तुमच्यासाठी. तांबडं आहे... एक कान उभा, एक पडका." तो उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. "टोपी मिळेल का?"

भित्र्या कुत्र्याची ओळख करून द्यायची एक रीत आहे. समोरासमोर आणायचं नाही. दोघांनी एकाच दिशेनं चालायचं, मधे भरपूर अंतर ठेवून, एकमेकांकडे न बघता. जमलं, तर पुढच्या वेळी अंतर थोडं कमी करायचं. घाई केली की सगळं मुसळ केरात.

पहिल्या रविवारी हेटी आणि फर्न रस्त्यानं, तर जॉस आणि मेग दगडी कुंपणापलीकडच्या कुरणातून. बोलायचं म्हणजे ओरडायचं!

"बरं चाललंय का?"

"काय?"

"फर्न... बरी आहे का, म्हणतोय!"

"छान आहे! तुम्ही?"

"मेंढ्यांची लेंडी तुडवतोय!"

ज्या माणसाच्या तोंडाला कुलूप, त्यालाच ओरडून बोलायची वेळ आली. दोन-तीन रविवारांत सगळ्या खोऱ्याला कळलं, की जॉस मेटकाफला कोबी आवडत नाही, त्याची आई आता समुद्राकाठी बहिणीकडे राहते आणि हेटी टपालाच्या गाडीत एकटी असली की मोठ्यानं गाते.

मग ते रस्त्याच्या दोन कडांवर आले. एकमेकांकडे न बघण्याचा नियम कुत्र्यांसाठी होता. जॉस इमानदारीनं पाळायचा. हेटी... हेटी नाही पाळायची. त्याच्या टोपीवरून टपकणारा थेंब, पट्टा धरलेली रांगडी बोटं, मेगशी बोलताना मऊ होणारा आवाज, सगळं ती चोरून बघायची आणि तो वळला की घाईनं ढग मोजायची.

"आज किती ढग आहेत?" एकदा त्यानं समोर बघतच विचारलं.

तिचे कान लाल झाले.

उन्हाळा सरताना दोघी कुत्र्या एका पायवाटेवर आल्या. त्याचीही रीत ठरलेली, कुत्री बाहेरच्या बाजूंना आणि माणसं मधे. पायवाट अरुंद. खांद्याला खांदा लागणारच. आता रीतच तशी, त्याला कोण काय करणार?

"त्या दोघी केव्हाच्या अरे-तुरेवर आल्या," हेटी म्हणाली. "आपलं मेलं अजून अहो-जाहो."

"मग... तू म्हण."

"तू आधी म्हण."

"तू..." तो म्हणाला, आणि पुढचं वाक्य पार विसरून गेला.

इकडे पिल्लू वाढत होतं. त्याची भावंडं कधीच आपापल्या घरी गेली होती. हे तांबडं मात्र बिननावाचंच राहिलं होतं, कारण नाव मालकानं ठेवायचं. हेटीनं मनात ठेवलंही होतं. दर रविवारी फर्न घरात गेली की जॉस त्याला गाडीतून बाहेर काढायचा, ते हेटीचा बूट चावायचं आणि ती पाघळायची. पण निर्णय काही होईना.

"एका कुत्र्याची जात निवडायला एवढे दिवस?" मॉरीन कडाडली. "माझी दोन्ही लग्नं याहून लवकर ठरली!"

हेटी काय सांगणार? पिल्लाला हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, रविवार संपणार. आणि रविवार संपलेले तिला नको होते. तिचा जीव जडला होता. पिल्लावर होताच, पण पिल्लू आणणाऱ्यावर जास्त.

शेवटी एका दुपारी जॉस पिल्लाला तिच्या स्वयंपाकघरात घेऊन आला. बर्टीनं शेपूट हलवलं. डॉटीनं एकदा दात दाखवून हद्द आखून दिली. सगळं ठीक चाललं होतं. मग फर्न पाणी प्यायला उठली आणि पिल्लू थबकलं. पोट जमिनीला लागलं, मान पुढे ताणली गेली, डोळे फर्नवर रोखले गेले. किती देखणं दिसत होतं ते! शर्यतीत वाऱ्यासारखं धावलं असतं. फर्न एक पाऊल मागे सरली, पिल्लू एक पाऊल पुढे. ना गुरगुर, ना भुंकणं. फर्न कपडे धुण्याच्या यंत्रामागच्या फटीत शिरली आणि तिच्या पायांखाली ओल पसरली.

जॉसनं हलकेच शीळ घातली, पिल्लू लगेच त्याच्याकडे गेलं. तो 'मी सांगितलं होतं' असं म्हणाला नाही.

हेटी ओल्या फरशीवरच बसली. फटीत हात घालून थरथरणारी मान कुरवाळत राहिली. "खंदकातून काढताना मी हिला वचन दिलंय," ती म्हणाली. "आता कुणाला भ्यायचं नाही म्हणून. घेऊन जा त्याला, जॉस. मला रडू यायच्या आत घेऊन जा."

तो गेला. पिल्लू पलीकडच्या खोऱ्यातल्या एका बाईंकडे गेलं. पुढचा रविवार आला आणि कुणीच आलं नाही.

हेटीनं पूडल आणलं. लहान जातीचं, कुरळं, आल्याच्या केकच्या रंगाचं. त्या केकला इथे पार्किन म्हणतात, म्हणून नावही पार्किन. क्लबात हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. "शर्यतीला आणलंस की केस विंचरायला?" मॉरीननं विचारलं. पण पार्किन हुशार होता, चपळ होता आणि कुणाकडे रोखून बघणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. डॉटीची थप्पड खाऊन तो तिच्याच टोपलीत झोपला. फर्ननं त्याला हुंगलं आणि ती शेजारीच आडवी झाली. बोगदा तर तो असा पार करायचा की मॉरीनचं हसू हळूहळू ओसरलं. निवड अचूक ठरली होती. तरीही रविवार आला की हेटीला घर खायला उठायचं.

एका रविवारी तिनं फर्नला गाडीत घातलं आणि सरळ टेकडीवरच्या मेटकाफांच्या शेतावर गेली. रोज ती टपाल फाटकावरच्या पेटीत टाकून परतायची. आज टपाल नव्हतं, तरी फाटक उघडलं.

जॉसनं दार उघडलं. हातात बटाटा सोलायची सुरी.

"पत्र आहे?"

"नाही."

"मग...?"

"रविवार आहे," हेटी म्हणाली. "तू का आला नाहीस?"

त्यानं तिला आत घेतलं. नीटनेटकं, रिकामं स्वयंपाकघर. टेबलाशी एकच खुर्ची ओढलेली. शेगडीजवळ मेग पहुडली होती. फर्न दारात घुटमळली, तिला पाहून आत आली.

"काय तोंडानं येणार होतो?" तो सुरीकडे बघत म्हणाला. "हेटी, तुझ्या घरात बसून मीच म्हणालो, इथे कॉली चालणार नाही. टेकडी चढताना लक्षात आलं, की माझ्याकडे तर चार आहेत. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. पण शब्द खरा होता, मागे कसा घेऊ? म्हणून ते पिल्लू एवढे दिवस सांभाळत बसलो. तुझ्यासाठी नाही... माझ्यासाठी. तू ठरवत राहिलीस की मला रविवार मिळत होता. मला तू फार आवडतेस. पण तुझी फर्न आणि माझी कुत्री एका घरात... नाही जमायचं गं."

हेटीनं खोलीभर नजर फिरवली. ना टोपली, ना पाण्याचं भांडं. मेगच्या अंगाखाली एक जुनं पोतं, बस्स.

"बाकीची तिघं कुठे आहेत?"

"कोठारात. कुठे असणार? कामाची कुत्री आम्ही घरात नाही घेत. आजोबांपासून नाही. मेग आता म्हातारी झाली, म्हणून..."

"आणि मेग फर्नला चालते."

"हो."

"मग या घरात राहतं कोण, जॉस?"

"मी."

"तू एकटा?"

"हो, एकटाच."

"आणि फर्नला काय चालत नाही म्हणालास?"

"कॉली..." आणि तो थांबला. चेहऱ्यावर आधी गोंधळ, मग लाली, मग ते हसू. सगळा जन्म कुत्र्यांचा संसार लावण्यात गेला, आणि रोखून बघणाऱ्या कॉली कोठारात, घरात नुसता माणूस, हे मोजायचंच राहून गेलं होतं! त्यानं सुरी खाली ठेवली, ओले हात स्वेटरला पुसले आणि पहिल्यांदाच, अगदी जवळून, सरळ तिच्याकडे पाहिलं.

"येशील इथे राहायला?" त्यानं विचारलं. "तू... आणि बर्टी, डॉटी, फर्न... आणि ते कुरळं?"

हेटीनं त्याचे गार पडलेले हात आपल्या हातांत घेतले.

"डॉटीला विचारावं लागेल," ती म्हणाली. "बाकी माझं हो आहे."