नेटची वायर काढल्यावर

त्यानं माझ्या कॉम्प्युटरची नेटची वायर उपटली, तेव्हा मी त्याला ओळखतही नव्हते.

"अहो! वेड लागलंय का?"

"आता बनवून दाखवा पॅकेज," तो शांतपणे म्हणाला. मी तणतणत बटण दाबलं, आणि अर्ध्या मिनिटात स्क्रीनभर एररच एरर.

२००७ साल. अंबरनाथच्या त्या ऑफिसात आम्ही शाळांसाठी लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी फुकट वापरता येणाऱ्या सिस्टीमची, सीडी बनवायचो. मी बदलापूरची अस्मिता, ट्रायलवर. त्या सीडीत घालायचं माझं मराठी टायपिंगचं पॅकेज, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, दोनदा नापास झालेलं. पुढच्या शुक्रवारी तिसऱ्यांदा झालं, की नोकरी गेली! आणि नापास करणारा हाच, वरच्या मजल्यावरचा राजरत्न. आजवर फक्त मेलमध्ये नाव पाहिलेला...

"तुमचं पॅकेज बनताना गुपचूप नेटवरून फायली ओढतंय. उद्या ती साइट बंद पडली तर? फाइल कोणी बदलली तर? म्हणून सीडीसाठी सगळी पॅकेजेस शेवटी ज्यावर बनतात, त्या आपल्या बिल्ड मशीनला नेटच नाही. लागेल ते आधी आणायचं, तपासायचं, यादीत लिहायचं."

"मग आधी सांगायचं ना!"

"दोन्ही मेलमध्ये लिहिलंय."

'नापास'च्या पुढे वाचायची माझी हिंमतच झाली नव्हती हो!

मग आठवडाभर शेजारी बसून आम्ही एकेक फाइल शोधली. तो चहाचा ग्लास सरकवायचा, बोटाला बोट लागायचं — आणि छातीत धडधड. 'अहो'चं 'ए' कधी झालं, कळलंच नाही.

शुक्रवारी वायर मीच काढली. माझ्या कॉम्प्युटरवर तर पॅकेज बनलं! आता बिल्ड मशीनवर बनायला हवं.

"मी नाही तपासणार," राजरत्न म्हणाला. "माया मॅडमना दिलंय."

माया मॅडम! ऑफिसातल्या सगळ्यात कडक. वाटच लागली माझी.

"ऐन वेळी का सोडतोयस रे? मी काय केलं?"

"चूक दिसली तरी पास करेन, अशी भीती वाटते..." तो खाली बघत म्हणाला. "तू आवडतेस मला. मग मी कसा तपासू?"

आतल्या खोलीत माया मॅडमसमोर बिल्ड मशीन घरघरत होतं.

"निकालाच्या आधीच सांगते... मलाही तू आवडतोस. नापास झाले, तरी."

मग वीस मिनिटं दोघंही त्या खोलीच्या दाराकडे बघत बसलो. जीव नुसता टांगणीला!

दार उघडलं. माया मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "नेटशिवाय बनलं. सोमवारी वेळेवर ये."

मला रडूच फुटलं.

"अगं, पास झालीस ना!" राजरत्न बिचारा घाबरलाच, आणि मॅडमसमोरच त्यानं माझा हात धरला.