भट्टीसमोरची पाहुणी

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. पण हे माझ्या मबरूकामावशीच्या अंगणात घडलेलं आहे.

लिबियात लढाई पेटली, त्या वर्षीचा एप्रिल. सरहद्दीच्या अलीकडचं आमचं दहिबा गाव. पलीकडून रोज माणसं यायची आणि गावातल्या बायका त्यांना घरात घ्यायच्या. मावशीकडे गालिया होती. आठ दिवसांची बाळंतीण. डोंगर उतरताना गोळीबार झाला, त्या पळापळीत तिची आई मागे राहिली होती.

"सापडेल गं," मावशी म्हणायची. "आमची पोरं शोधतायत."

त्या दिवशी ऊन कलताना मावशी अंगणातल्या भट्टीत रोट लावत होती. प्रत्येक रोटावर अंगठा दाबायचा, ही तिची खूण. सगळ्या घरांचे रोट पाहुण्यांसाठी एकाच टोपल्यात जायचे ना.

तिने मान वर केली, तर...

समोर एक म्हातारी बसलेली. अंगावर पांढरी चादर, चेहरा झाकलेला.

कुत्रं भुंकलं नव्हतं.

आमच्याकडे रीत आहे. पाहुण्याला तीन दिवस नाव-गाव विचारायचं नाही. मावशीने मुकाट्याने गरम रोट पुढे केला. म्हातारीने तो चादरीत घेतला. खाल्ला नाही. फक्त बोट उचललं...

डोंगराकडे.

दुसऱ्या दिवशीही तेच.

"खात नाही बघ ती," शेजारची हनिया म्हणाली. "तुझे रोट कच्चे असतात, हे तिलाही कळलं."

"तुझे खाल्ले की पाहुणे परत लढाईत पळतात, त्याचं काय?"

मावशी हसली. मग तिची नजर खाली गेली. भट्टीभोवती बारीक राख पसरली होती. तीत हनियाची पावलं होती, तिची स्वतःची होती.

म्हातारीची... नव्हती.

तिसऱ्या दिवशी म्हातारीचं बोट थरथरत होतं. 'कोण गं बाई तू?' मावशीच्या अगदी ओठांवर आलं.

'उद्या,' तिने मनाला बजावलं. 'उद्या रीत पुरी होते. उद्या विचारते.'

चौथ्या दिवशी म्हातारी आली नाही.

डोंगरातून पोरं आली. गालियाची आई एका कपारीत सापडली होती. पाय मोडलेला, जीव गेलेला.

"कधी गेली?" मावशीने विचारलं.

"अंग अजून गार पडलं नव्हतं, मावशी. आज सकाळीच गेली असेल."

म्हणजे तीन दिवस ती जिवंत होती.

पोरांनी तिची पांढरी चादर ओट्यावर ठेवली. तिच्या गाठीत काहीतरी होतं. मावशीने गाठ सोडली...

तीन रोट. तिन्हींवर मावशीच्याच अंगठ्याची खूण.

वरचा अजून मऊ होता.

आता मावशी दारात सलामाआधी नाव विचारते. "मबरूकाने रीत बुडवली," असं गाव बोलतं. तिला त्याचं काही वाटत नाही.

पण ऊन कललं, की ती रिकाम्या अंगणाकडे बघून हळूच विचारते, "कोण आहे?"

मागच्या खेपेला मी तिच्याशेजारी बसलो होतो. कुत्रं भट्टीकडे टक लावून बघत होतं.

भुंकत नव्हतं.