हुंड्याची बोलणी

मेडशी फाट्यावर एसटीतून ती पोरगी आधी चिखलात उतरली, मग रस्त्यावर. एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात छत्री, आणि छत्री काही उघडत नव्हती. पाऊस म्हणावा असा नव्हताच. परतीचा पाऊस जाता जाता अंगावर शिंपडून जातो ना, तेवढाच.

आम्ही मालेगावहून नवे विळे घेऊन परत येत होतो. सोयाबीन पिवळं पडत आलं होतं, आणि सोयाबीन कापायला, म्हणजे आमच्या बोलीत सोंगायला, विळ्याला धार पाहिजे. पिकअप अंकुर चालवत होता. अंकुर माझा चौथा आणि शेवटचा. थोरल्या तिघांची लग्नं झाली. याला दाखवलेल्या प्रत्येक पोरीला हा "चांगली आहे" म्हणायचा आणि वावरात निघून जायचा. त्याच्या बापाचा, उत्तमरावांचा स्वभाव तसाच. घरात बोलायचं काम माझ्याकडं.

गाडी त्यानं थांबवली. मी थांबव म्हटलं नव्हतं.

"कुठं जायचं तुमाले?"

"लिलाबाईंच्या घरी. मजूर बायांची बैठक आहे आज..."

"बसा मंग. पुढं जागा हाय."

जागा कुठं होती? मी पसरून बसले होते. पण ती पोरगी बसायचं सोडून गाडीच बघत राहिली. पुढून बघितली, मागून बघितली.

"सोंगणीला नेता तेव्हा बाया कुठं बसतात?"

"मागं," अंकुर म्हणाला. "बसत नाही म्हना... उभ्याच राह्यतात."

"मग मी पण मागंच उभी राहते."

आणि चढलीसुद्धा. चप्पल हातातच.

आता मला जे नवल वाटलं ते सांगते. हा माझा पोरगा बाया भरून निघाला की गावातली कुत्री आधी बाजूला होतात. त्या दिवशी मात्र गाडी अशी चालवली, जशी मागं कुणी दह्याचं भांडं ठेवलंय. रस्त्यानं चाललेली एक बकरी आमच्या पुढं निघून गेली आणि वळून आमच्याकडं बघायला लागली.

"ब्रेक बिघडला का रे?" मी विचारलं.

"नाही आई. खड्डे हायत."

खड्डे काय त्याच दिवशी पडले होते?

तिचं नाव प्रियदर्शनी. चिपळूणकडची. वाशीमला मजूर बायांची एक संघटना आहे, तिच्या कामाला आली होती आणि सोंगणीभर लिलाबाईकडं राहणार होती. लिलाबाई आमच्या गावच्या सोंगणीवाल्या बायांची पुढारीण. काम वाघिणीसारखं, जीभ माझ्यासारखी. आमचं दोघींचं जमतं आणि जमत नाहीही.

मजूर बायांच्या बैठकीत वावरवालीचं काय काम, असं कुणी म्हणेल. मी गेले. माझ्या वावराची गोष्ट माझ्या पाठीमागं झालेली मला खपत नाही. बैठक मारुतीच्या पारावर होती. अंकुर मला सोडायला आला आणि तिथंच खांबाला टेकून उभाच राहिला.

लिलाबाई उठली. "ताई, आमचं एकच म्हननं हाय. हुंडा आमाले पायजे, पन तो आमच्या तोंडानं ठरला पायजे. आतापर्यंत आमची मान्सं जाऊन हुंडा बोलून येतात, अन् आमाले नुसतं सांगतात. या गोजराबाईचा हुंडा तर गावात सगळ्यात मोठा." तिनं माझ्याकडं बोट केलं.

प्रियदर्शनीचा चेहरा उतरला. हळूच उभी राहिली. "बायांनो... तुम्हीच हुंडा मागता? देणं, घेणं, दोन्ही गुन्हा आहे. आणि ज्यांच्या घरचा हुंडा गावात सगळ्यात मोठा, त्यांनी तर..." असं म्हणून तिनं माझ्याकडं पाहिलं. सगळ्या गावासमोर.

मी पदर खोचला. "पोरी, माह्या घरात तीन सुना आल्या. एकीच्याही बापाकून सुतळीचा तोडा घेतला नाही. तोंड आवर."

मग लिलाबाईच्या पोटातून हसू वर आलं, आणि पारावरच्या सगळ्या बाया एकमेकींच्या अंगावर पडायला लागल्या. सोंगणीवाल्यांतली रूपा तर तिथंच लोळली.

खांबाजवळून अंकुर म्हणाला, "अवो... तो हुंडा नाही. हुंडा म्हंजे उक्तं काम. रोजानं नाही, सारं वावर सोंगून द्यायचं, त्याचं जे एकदाच ठरते ते. सोयाबीनचा हुंडा."

पोरीचे कान लाल झाले. पण पळाली नाही, हे मी बघून ठेवलं. उलट त्यालाच विचारलं, "मग लग्नातल्या हुंड्याला काय म्हणता?"

"आमच्या घरी..." तो खाली बघून बोलला, "तो शब्द लागतच नाही."

मग ती माझ्यासमोर आली. "काकू, माझी चूक झाली. मला तुमची भाषा येत नाही."

"मंग शिक," मी म्हटलं. शिकवायला कोण बसणार हे मी बोलले नव्हते. पण माझ्या पोरानं ते काम न सांगता घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, दिसायला लागली. बाया शेजारच्या वावरात मूग तोडून झाल्यावर तण निंदत होत्या, ती त्यांच्याशी बोलायला यायची. आणि अंकुरला नेमकं त्याच वेळी त्याच धुऱ्यावरचं गवत दिसायचं. मी तुरीच्या ओळीत बसून पानांवरची अळी बघत होते. कान माझे, वावर माझं, मी कुठंही बसेन.

"सोंगणी म्हणजे सोंगं काढतात का?" ती.

"सोंगं शहरातले काढतात. आमी सोयाबीन काढतो."

"मी शहरातली नाही हं. आमच्याकडं भात. आम्ही कापणी म्हणतो."

"आमच्याकडं कापनी म्हनलं तर लोक इचारतात, कोनाचे केस?"

ती हसली. दोघंही हसले, आणि मग दोघांनाही एकदम काम आठवलं. तो गवत उपटायला लागला. तिनं चांगला तुरीचा फाटा हातात घेऊन त्याची पानं तोडली. माझी तूर. मी काही बोलले नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी मी मागं होते तेव्हा गाडी सावकाश चालवलीत."

"...खड्डे होते."

"बाया असतात तेव्हा खड्डे नसतात?"

अंकुरच्या हातातलं गवत हातातच राहिलं. गेल्या हंगामात रूपा चालत्या गाडीतून पडली होती, मनगट मोडलं होतं. गाडी आमची नव्हती, हे मी दर वेळी सांगते. पण त्या पोरीनं विचारलं तेव्हा ते सांगायला माझीही जीभ उचलली नाही.

"माहा इचारच नाही गेला तिकडं," अंकुर म्हणाला.

"आता जाईल का?"

"आता... दुसरीकडं कुठं जातच नाही."

तिनं मान खाली घातली. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आले, तिनं बाजूला केले नाहीत. मला कोडं पडलं. ही लाजली, की रागावली, की हसतेय? उठून बघावं वाटलं, पण तुरीच्या ओळीतून म्हातारी उगवलेली बरी दिसत नाही.

आठवडा गेला नाही तोच बायांनी सांगितलं. हुंड्याची बोलणी थेट बायांशी करायची. गाडीत बसायला बाक आणि धरायला दांडा. वावरात प्यायला पाणी, आणि दिवेलागणीच्या आत घरी. नाहीतर विळा हातात घेणार नाही.

सोयाबीन वाळत आलं होतं. वाळलेली शेंग उन्हात फुटते आणि दाणा मातीत जातो. वर आभाळ पुन्हा काळं होत होतं. दोन्हीकडून मरण आमचं.

सगळ्यात आधी घरातला माणूस उलटला. अंकुरनं ताटावर बसून सांगितलं, "आई, बाक लागल्याबिगर मी गाडी काढनार नाही."

"त्या पोरीनं शिकवलं?"

"रूपाच्या मनगटानं शिकवलं. ती पोरगी नुसती इचारून गेली."

मला झोंबलं. आणि खरं सांगायचं तर उत्सुकताही वाटली, असं काय आहे त्या गाडीच्या मागं? सकाळी मी मागं चढले. "चालव. जशी रोज चालवतो तशीच चालव."

"आई, उतर."

"चालव म्हनते ना."

त्यानं चालवली. पांदणीच्या कच्च्या वाटेवर पहिल्या वळणाला माझा पदर उडाला, दुसऱ्याला मी पत्र्यावर बसले, तिसऱ्याला काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. धरायला काहीच नाही. एकमेकींना धरून बाया इतकी वर्षं कशा गेल्या असतील, ते मला तेव्हा कळलं. मी तर एकटीच होते.

त्याच सांजेला वावरवाले आमच्या ओट्यावर जमले. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडं, कारण माझं वावर मोठं. उत्तमराव सुपारी कातरत गप्प बसले होते. बबनराव, आमच्या शेजारच्या वावराचे, मिशीवर हात फिरवून म्हणाले, "बाकाचं पाहू कधी तरी. पन हुंड्याची बोलनी बाईमानसासंगं? असं कधी झालं का?"

मी त्यांच्याकडं बघत राहिले. "बबनराव, या घराचा हुंडा इतके वर्सं कोन ठरवते?"

"तुमी."

"मंग मी काय गडीमानूस हाय?"

सुपारीचा आवाज थांबला. उत्तमराव हसत होते. लग्नानंतर इतकं मोकळं हसताना मी त्यांना क्वचितच पाहिलं.

मी तशीच उठून लिलाबाईच्या दारात गेले. ती भाकरी थापत होती, प्रियदर्शनी चुलीत फुंकर मारत होती आणि धुरानं रडत होती. लिलाबाईनं पाट सरकवला. आम्ही दोघींनी बोलणी केली, आणि ती अशी घासाघीस करते हे मला आधी कळलं असतं तर इतकी वर्षं तिच्या नवऱ्याशी बोलून कंटाळायचं तरी वाचलं असतं. बाक कबूल, दांडा कबूल, पाणी कबूल, दिवेलागण कबूल. माझं झालं म्हटल्यावर गावाचं झालं. बबनरावांनी सगळ्यात शेवटी बाक लावला, पण त्यावर गादी टाकली. स्वभाव.

सोंगणी पावसाच्या आधी उरकली. आणि सोंगणी उरकली म्हणजे ती पोरगी जाणार, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. अंकुर दोन दिवस जेवताना भाजीत मीठ आहे की नाही ते सांगू शकत नव्हता.

तिला फाट्यावर सोडायला सगळ्या बाया निघाल्या. मी मागं, बाकावर. तिला पुढं बसवलं, या वेळी तिनं नाही म्हटलं नाही. बारीक पाऊस सुरू झाला होता. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या भागांच्या मध्ये एक जाळीची खिडकी असते. मी त्या खिडकीजवळची जागा धरली होती.

"गोजराबाई, कान अटकन जाळीत," रूपा म्हणाली.

"तू गप."

आत काच पुसायचा दांडा खर्र खर्र करत होता.

"इतकी सावकाश?" ती म्हणाली. "बस चुकेल."

"चुकू द्या."

"...म्हणजे?"

"दुसरी येते. तिच्यामागून तिसरी येते."

"आणि सगळ्याच चुकल्या तर?"

नुसती दांड्याची खर्र खर्र. मला वाटलं, याच्या बापावर गेला, झालं आता. मग म्हणाला, "तर... तुमी इथंच राहा. माह्यासंगं."

"ही विनंती आहे की मागणी?"

"तुमीच तर बायाईले शिकवलं, विनंती करायची नाही. मागनी घालून राह्यलो मी."

बाहेर पाऊस जरा वाढला. मग अगदी हळू तिचा आवाज आला, "एकट्याची मागणी चालत नाही. पाठिंबा लागतो..."

लिलाबाईनं टपावर दणका दिला. "पाठिंबा हाय, ताई."

गाडी जागेवर बंद पडली. माझ्या पोरानं क्लच सोडला होता.

फाट्यावर उतरून मी तिच्यासमोर उभी राहिले. कान तेवढेच लाल, जेवढे पारावर झाले होते. मी तोंड घट्ट केलं. "आमच्यात हुंड्याबिगर लगन होत नाही. तुह्या बापाचा नंबर दे, बोलनी करून घेते."

अंकुरनं "आई..." म्हटलं. पोरगी माझ्या डोळ्यांत बघत राहिली, आणि मग तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"बाबांशी कशाला, काकू? काम माझं. हुंड्याची बोलणी माझ्याशी करा. तुम्हीच कबूल केलंय, लिलाबाईंच्या पाटावर बसून."

मी पदर खोचला, आणि पुन्हा सोडला. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच.

"सांग मंग," मी म्हटलं.

"माझं काम सुरू राहील. गावोगाव फिरेन. कधी दिवेलागण उलटेल. तेव्हा कुणी विचारायचं नाही."

"इचारीन."

तिचा चेहरा पडला.

"जेवली का, हे इचारीन," मी म्हटलं. "ते काही मी सोडनार नाही. बाकी कबूल."

तिनं डोळे पुसले, की पाऊस पुसला, ते कळलं नाही. वाशीमची बस आली. कंडक्टरनं दारातून विचारलं, "कोनी बसनार हाय का?" आणि कुणीच बसलं नाही.

परत निघताना ती पुढं बसायला गेली नाही. मागं आली, माझ्याजवळ बाकावर, आणि वळण आलं तेव्हा तिनं दांडा धरायच्या ऐवजी माझा हात धरला. पुढून अंकुर आरशात बघत होता. गाडी तशीच, दह्याच्या भांड्यासारखी. गावाजवळ तीच बकरी आमच्या पुढं गेली आणि वळून बघायला लागली.

जाऊ दिली तिला.