उरलेली जागा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत घडलेली. मी तिथं होतो, म्हणून सांगतोय.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. चहूकडे माणसं होती, लख्ख उजेड होता. सांताक्रूझचा विमानतळ. साल १९७३, थंडीचे दिवस.

मी आकाराम. त्या वेळी मिरजेत एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमचं मूळ गाव पाटणकडचं. थोरली बहीण सुलाबाई, मी तिला आक्का म्हणतो, ती इस्लामपूरजवळ दिलेली. तिचे मालक बाळासो, म्हणजे माझे दाजी. ते आधी हवाई दलात होते. तिथून सुटल्यावर एका विमान कंपनीत मेकॅनिक म्हणून लागले. नेमणूक दिल्लीला. आक्का, लहानगी मनु आणि दाजींची आई दगडाबाई गावाकडे.

त्या कंपनीत एक सवलत होती. नोकरमाणसाच्या बायकोला आणि आईबापाला विमानाचा पास मिळायचा. फुकट.

पण अट एकच. तिकीटवाले सगळे बसून झाल्यावर जागा उरली तरच आत घेणार. नाही उरली, तर बाकावर बसून पुढच्या विमानाची वाट बघायची.

गावात लोक चेष्टा करायचे. "दगडाबाई, कवा उडताय?"

म्हातारी म्हणायची, "माझं प्वार न्हील तवा."

मग एके दिवशी दिल्लीहून तार आली. दाजी विमानाच्या शिडीवरून पडले होते. डोक्याला मार. शुद्धीवर नव्हते.

रेल्वेनं दिल्ली गाठायची म्हणजे फार वेळ लागणार होता. कंपनीतल्या ओळखीच्या माणसानं मुंबईत दोघींचे पास तयार ठेवले. मनुला आमच्या आईकडे पाटणला सोडलं. मी दोघींना घेऊन मिरजेहून मुंबईची गाडी पकडली. दगडाबाईनं वाटेत काही खाल्लं नाही. नुसती मिश्री लावत बसली होती. तिच्या पदराला सदा त्या जळक्या तंबाखूच्या मिश्रीचा वास असायचा.

विमानतळावर आम्ही काउंटरसमोरच्या बाकावर बसलो.

सकाळचं विमान भरून गेलं.

दुपारचं विमान आलं. तिकीटवाले एकेक करून आत गेले. काउंटरवरच्या माणसानं आमच्याकडे बघितलं आणि एक बोट वर केलं.

"एकच जागा आहे. नियमानं बायको आधी. आई जाणार असेल तर आत्ताच सांगा. वेळ नाही."

दोघी एकदमच उठल्या.

दगडाबाईनं आक्काचं मनगट धरलं. "तू बस. मी जाती."

"आत्याबाई, तुमी मागनं या. आकाराम हाय तुमच्यासंगं."

"माझं प्वार हाय त्ये."

"माझं कुकू हाय, आत्याबाई."

"तुझं कुकू मागनं आलं. त्याच्या आधी माझ्या पोटातनं आलाय त्यो. सरक!"

काउंटरवरचा माणूस ओरडला, "चला, चला!"

आक्कानं हिसका दिला. मनगट सुटलं. बांगड्या फुटून खाली पडल्या. ती मागं न बघता पळत आत गेली.

दगडाबाई तिथंच उभी राहिली. रडली नाही. शिवी दिली नाही. त्या दाराकडे बघत एवढंच म्हणाली, "मी बी येती."

मग येऊन माझ्या शेजारी बसली.

मी म्हणालो, "मावशी, संध्याकाळच्या विमानाला जागा हुईल."

बाहेर विमानाची घरघर सुरू झाली. काचा थरथरल्या. विमान उडालं. आवाज लांब लांब गेला...

"मावशी, च्या आणू का?"

मी तिच्याकडे वळलो. डोळे उघडे होते. दाराकडेच लागलेले. मी मनगट हातात घेतलं.

नाडी नव्हती.

मी दवाखान्यातला माणूस. मेलेलं अंग किती वेळानं गार पडतं हे मला माहीत आहे. थोड्या वेळापूर्वी बोलणारी ही बाई... दगडासारखी गार होती. बोटं वळत नव्हती.

लोक जमले. स्ट्रेचर आणलं. मी खांद्याखाली हात घातले, एका हमालानं पाय धरले. दगडाबाई चांगली थोराड बाई होती. उसाची मोळी एकटी डोक्यावर घ्यायची. आम्ही जोर लावून उचलायला गेलो...

...आणि दोघंही मागं कोलमडलो.

वजनच नव्हतं. उसाचं वाळलेलं पाचट उचलल्यासारखं.

हमालानं माझ्याकडे बघितलं. पुढं त्यानं पायही धरले नाहीत. दुसराच कुणी आला.

मी म्हातारीला गावी नेलं. दाजींचे चुलते नानासो यांनी अग्नी दिला. तिकडे दिल्लीत दाजी शुद्धीवर आले, वाचले. महिन्याभरानं आक्का त्यांना घेऊन रेल्वेनं परत आली.

मी भेटायला गेलो. दाजी ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. आक्का आत चुलीपाशी होती. उभी. वाकून भाकरी थापत होती.

"आक्का, बस की खाली."

तिनं माझ्याकडे बघितलं. चेहरा पार उतरला होता.

"बसता येत न्हाई रं."

"का? पायाला काय झालं?"

मग तिनं हळू आवाजात सांगितलं.

विमानात ती जागेवर बसली. पोटावर पट्टा बांधायचा असतो. तिनं ओढला. बसेना. आक्का तर काटकुळी. शेजारच्या माणसानं ओढून बघितलं. बसेना. हवाई सुंदरी आली. तिनं जोर लावला. मग हिंदीत म्हणाली, "मांडीवर काय ठेवलंय? ते सामान खाली ठेवा."

मांडीवर काहीच नव्हतं.

हवाई सुंदरीनं सगळा पट्टा सैल केला, तेव्हा कुठं तो लागला. आक्काच्या अंगापासून वीतभर पुढं... मधली हवा धरून.

आणि मग वजन आलं.

"कुणीतरी मांडीवर बसलं रं, आकाराम. पाठ माझ्याकडं करून. आन् मिश्रीचा वास... मला शेवटपर्यंत पुढचं काय दिसलंच न्हाई."

दिल्लीत उतरताना तिला धरून उतरवावं लागलं. मांड्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या.

त्या दिवसापासून हेच चाललं होतं. उभी असली की काही नाही. आडवी झाली तरी काही नाही. पण बसली, की वजन यायचं. पाटावर बसो, बाजल्यावर बसो, एस.टी.त बसो. आधी हळू... मग वाढत वाढत... हाडं करकरेपर्यंत.

मी तिला मिरजेला आणलं. आमच्या डॉक्टरांनी तपासलं. पायात दोष नव्हता. ते म्हणाले, "धक्का बसलाय. जाईल." मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला सांगू?

मग मनुचं झालं.

पोर दीड-दोन वर्षांची. मी तिला पाटणहून आक्काकडे पोचवायला आलो होतो; आई एवढ्या दिवसांनी भेटलेली. एका सकाळी आक्का उंबऱ्यावर टेकली, तशी मनु धावत आली आणि मांडीवर चढायला गेली.

मी समोर होतो. माझ्या डोळ्यांनी बघितलं.

पोर मांडीपर्यंत पोचलीच नाही. कुणीतरी छातीवर हात ठेवून ढकलावं, तशी मागं फेकली गेली. डोकं जोत्याच्या दगडावर आपटलं. रक्त आलं.

मी उचलली. ती रडत माझ्या खांद्यावरून आक्काकडे बोट दाखवत होती.

"आजी सरकत न्हाई..."

आक्का किंचाळत उठली. त्यानंतर ती बसलीच नाही. उभ्यानं जेवायची. उभ्यानं निवडायची, टिपायची. गावातल्या बाया हळदीकुंकवाला बोलवायच्या, ही भिंतीला टेकून उभी. पाय सुजून खांबासारखे झाले होते.

आणि दाजी? त्यांनी कधी तिची बाजू घेतली नाही.

मी एकदा म्हणालो, "दाजी, आक्काचे लय हाल चाललेत."

ते भिंतीकडे बघतच म्हणाले, "माझी आई बाकावर मेली. ही माझ्या आईच्या जागंवर बसून आली."

"आवं, तुमच्यासाठीच आली ना ती?"

"मी कुठं बोलवलं हुतं?"

हे ऐकायला आक्का दारातच होती.

दाजी बरे झाले आणि दिल्लीला कामावर गेले. वर्ष असंच गेलं. ते सुट्टीवर आले तेव्हा नानासोंनी त्यांना समोर बसवलं.

"बाळासो, वयनीला, तुझ्या आईला, तुझ्याकडं यायचं हुतं. तिला एकदा न्हे. सुनंलाबी संगं घे. वयनीचं लुगडं सुनंच्या हातानं न्हे. मग वयनी तिला सोडंल."

दाजींनी मान डोलावली.

१९७५. पुन्हा सांताक्रूझ, पुन्हा तोच बाक. आक्कानं दगडाबाईचं एक जुनं लुगडं पिशवीत घेतलं होतं. ते शेजारच्या मोकळ्या जागेवर ठेवायचं, असं ठरलं होतं. ती बाकाशेजारी उभी होती.

त्या दिवशी विमान अर्धंच भरलं होतं. काउंटरवरून दोघांना लगेच आत सोडलं. मी वर गच्चीवर गेलो. तिथून लोक विमानं बघायचे. लांबून मला दोघं शिडी चढताना दिसले. पुढं दाजी, मागं आक्का.

बरं वाटलं. म्हटलं, सुटली.

विमानाचं दार लावायला आले. शिडी मात्र हटेना. वेळ जात होता. खालची माणसं वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली...

मग दारात आक्का दिसली.

एकटी.

ती शिडी उतरली. दार बंद झालं. विमान हललं.

मी धावत खाली गेलो. आक्का आतून चालत आली आणि त्या बाकावर बसली.

बसली!

वर्षाच्या वर झालं होतं मला तिला बसलेलं बघून. ती दोन्ही हातांनी मांड्या चाचपत होती.

"आक्का, काय झालं? का उतरलीस?"

"माणसं मोजली. एक जास्त भरलं."

"म्हंजे?"

"दोघीतिघींनी मोजलं. दर खेपंला एक जास्त. मग म्हणाले, पासवाल्यातलं एक उतरवा. मी उतराय उठले. दारात आले तर मागनं परत मोजत हुते. म्हणाले, आता बरोबर. यादीएवढी माणसं झाली."

यादीत आक्काचं नाव होतं. आक्का तर खाली उतरली होती.

"आन् दाजी? दाजी काय बोलले न्हाईत?"

"त्यांनी माझ्याकडं बघितलंबी न्हाई. मी लुगडं ठेवलेलं ना, त्या जागंकडं वळून हसत बोलत हुते. लहान पोर बोलतंय तसं."

त्यानंतर आक्काला कधी वजन जाणवलं नाही. मनु मांडीवर झोपायला लागली. पायांची सूज उतरली.

पण दाजी परत आले नाहीत.

दिवाळी गेली, गावची जत्रा गेली. निरोप नाही. शेवटी मी रेल्वेनं दिल्ली गाठली. कामगारांच्या चाळीत त्यांची खोली सापडली. दुपारची वेळ होती. शेजारी पापड वाळत घातले होते.

दार दाजींनीच उघडलं. अर्धंच.

"कशाला आलास?"

"दाजी, घरी चला. आक्का वाट बघतीया. मनु आता मोठी झालीया. बाप कुठाय इचारती."

ते आत गेले आणि खुर्चीवर बसले. मी दारातूनच बघत होतो. खोलीत एक खाट, एक स्टो, एक खुर्ची. दुसरं कुणी नव्हतं.

पण दाजी खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. पडतील की काय असे. उरलेली खुर्ची मोकळी सोडून.

आणि खोलीतून मिश्रीचा वास आला.

"दाजी, येताय ना?"

त्यांनी मान वळवली. त्या मोकळ्या जागेकडे. डोकं कलतं करून ऐकल्यासारखं केलं. बराच वेळ.

मग माझ्याकडे बघून म्हणाले,

"न्हाई म्हणती."

मी एक पाऊल आत टाकलं. दाजींना हाताला धरून ओढायचं, असं मनात होतं.

खुर्ची करकरली.

दाजी हलले नव्हते. त्यांचे दोन्ही पाय होते तिथंच होते. पण खुर्चीची मोकळी बाजू... कुणीतरी जड माणूस उठल्यासारखी वर आली.

मी पळालो. चपला दारातच राहिल्या. स्टेशनापर्यंत अनवाणी आलो.

आक्काला काय सांगायचं, हे मिरज येईपर्यंत ठरत नव्हतं. गावी पोचलो तेव्हा तिनं माझ्या पायांकडे बघितलं आणि पाणी तापवायला आत गेली.

दाजी दिल्लीतच वारले, बऱ्याच वर्षांनी. कंपनीच्या माणसांनीच सगळं केलं. आक्का आता म्हातारी झाली आहे. ठणठणीत आहे.

पण मधे मनुनं मला एक सांगितलं. तेव्हापासून मला झोप नाही. नुकताच तिच्या लेकीला मुलगा झाला. बाळाला मांडीवर घ्यायला आक्का पुढं आली, खाली बसली, हात पसरले...

आणि तशीच थांबली. मनुला कुठूनसा मिश्रीचा वास आला.

मनु म्हणाली, "आई, घे की."

आक्का म्हणाली, "थांब जरा. आत्ता न्हाई."