पिंजाऱ्याकडचा बर्फ

"बर्फ पायजे हुता," दुकानाच्या दारात उभा राहून रफिक म्हणाला.

नजीरानं पिंजणाची झणझणणारी तात थांबवली. तिच्या केसांवर, भुवयांवर कापूस बसला होता.

"पावणं, ह्ये पिंजाऱ्याचं दुकान हाय. बर्फ मिळाला तर महाराजांच्या मुदपाकखान्यात मिळंल."

"त्यो वितळतोय. मला न वितळणारा पायजे."

कोडोलीचा रफिक नाटक कंपनीत पडदे रंगवायचा. कंपनीनं यंदा एक रशियन नाटक मराठीत बसवलं होतं. शेवटच्या अंकात बर्फ पडायचा, आणि पडद्याच्या वर बसून तो टाकायचं काम रफिकचंच होतं. त्यानं आयुष्यात बर्फ पडताना बघितला नव्हता. पण तिच्या भुवया बघून त्याला वाटलं… असाच असणार.

तिनं पाटीभर कापूस पिंजून दिला. पहिला खेळ झाला आणि तो पाटी घेऊन परत आला.

"दबला."

दुसऱ्या खेळानंतरही दबला. नजीरानं कापूस मुठीत धरून बघितला.

"ह्यो पडून दबल्याला न्हाय. ह्याच्यावर कोन तरी बसलंया."

"वर पडद्यापाशी बसाय काय तरी लागतं की."

"मग पाट घ्या."

"पाट पिंजाय कुठं नेऊ?"

ती हसली नाही. पण तातीचा सूर चुकला.

आत तिचे वडील मौलाली खोकत होते. खोकल्यामुळं अलीकडं पिंजण तिच्याच हातात होतं.

रफिकनं दोघांना नाटकाला नेलं. शेवटच्या अंकात एक तरुण निरोप घ्यायला आला. वाटेबद्दल बोलला, गाडीच्या चाकाबद्दल बोलला, टोपी घातली आणि निघून गेला. मुलगी उभीच राहिली. वरून नजीराचा कापूस हळूहळू पडत राहिला.

दुसऱ्या दिवशी रफिक गाठोडं घेऊन आला, तर तिनं आधी नाटकातल्या त्या तरुणाचंच विचारलं.

"त्यो मनातलं का न्हाय बोलला?"

"थंडीनं तोंड उघडलं नसंल."

"हितं कुठली थंडी?" ती खाली बघत म्हणाली. "शुक्रवारी हातकणंगल्याची मानसं येत्यात. मला बघाय."

रफिक रस्त्याकडं बघत राहिला. "आमच्या गाड्या भरल्यात… उद्या सांगलीला. वाट बरी हाय म्हनं…"

त्याचा हात टोपीकडं गेला. नजीरा नुसती बघत होती. तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं, हे आपण रोज वरून बघतोय.

त्यानं टोपी खिशात कोंबली आणि गाठोडं खाली ठेवलं.

"नाटक बंद झालं. लोकांना न्हाय रुचलं. ह्यो कापूस म्या मागून घेतला… गादी भरायची हाय."

कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं तिनं विचारलं, "एकाची का दोघांची?"

आतला खोकला थांबला.

"दोघांची."

"दुसरं मानूस ठरलंया?"

"त्ये… तुज्यावर हाय. मग तुज्या अब्बांवर."

तिनं गाठोडं सोडून कापूस पिंजणाखाली ओढला.

आतून मौलालीचा आवाज आला, "आत या पावणं. मापं अशी दारात उभ्यानं देत नसत्यात."

नजीरानं तात छेडली. दबलेला कापूस मोकळा होऊन उडाला आणि आत जाता जाता रफिकच्या भुवयांवर बसला.