चार लांब, दोन आखूड

शालीकराम मिस्त्री ट्रकच्या पुढच्या चाकाजवळ पालथा सापडला. रविवारचे साडेचार वाजले होते. डोक्याच्या मागं टॉमीचे, म्हणजे चाक खोलायच्या लोखंडी दांड्याचे, तीन घाव. पहिल्याच घावात माणूस गेला असावा. पुढचे दोन मारणाऱ्यानं भीतीपोटी घातले होते. फुलचूरच्या त्या गॅरेजात डिझेलच्या डागांत मिसळून रक्त काळं पडलं होतं.

टॉमी खुशालची होती. मुठीला लाल टेप गुंडाळलेली, अख्ख्या नाक्याला ठाऊक.

खुशाल हा शालीकरामचाच चेला, आता गॅरेजात भागीदार. दोन दिवसांआधी त्यानं म्हाताऱ्याच्या कानाखाली वाजवली होती, तीही स्वतःच्या आईच्या चहाटपरीवर, दहा माणसांदेखत. कारण ऐकाल तर हसाल. पोरानं ट्रकचे बिघाड वाचायचं मशीन आणलं होतं. म्हातारा म्हणाला, जुन्या गाडीले मशीन कायले पाहिजे, दिवाच बोलते नं. तेही खोटं नव्हतं. जुन्या डिझेल ट्रकची चावी फिरवून डॅशबोर्डखालचं बटण दाबलं की इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकतो. लांब लुकलुक दहाची, आखूड एकाची. मोजता आलं की बिघाड कळला. "तुया मशीनले डोळे नाही, अन् तुले अक्कल नाही," असं म्हातारा बोलला आणि पोराचा हात सुटला.

फौजदार अलका मॅडमला एवढं पुरलं. पंधरा दिवसांआधी आमगाव रस्त्यावर, धान कापून परतणाऱ्या गीताबाईला एका ट्रकनं फरफटत नेलं होतं, त्यातच ती गेली, आणि तो ट्रक अजून हाती लागला नव्हता. साहेब रोज फोन करत होते. निदान हा खून तरी एका दिवसात सुटला, म्हणून मॅडम खूष. डॉक्टर म्हणाले, मरण बारा ते तीनच्या मधलं. दोन वाजल्यापासून खुशाल बिरसीला एका ट्रॅक्टरखाली झोपून काम करत होता, हे गावानं सांगितलं. दीडपर्यंत तो जेवायला घरी होता, हे फक्त त्याच्या आईनं सांगितलं. आईची साक्ष कोण धरतो?

आई म्हणजे पार्वताबाई. शिकलेली दुसरीपर्यंत, पण गॅरेजच्या दारात वीस वर्षं चहा उकळलेला. जो मिस्त्री तिचा चहा प्यायला त्याच्या हातातलं काम तिनं पाहिलं. रडायची तिला सवय नव्हती. सोमवारी सकाळी ती आधी ठाण्यात गेली. कोठडीत पोराचा ओठ फाटलेला, एक डोळा बंद. तिनं त्याकडे पाहिलं, मग शिपायाकडे पाहिलं. शिपाई दुसरीकडे पाहू लागला.

खुशालकडून तिनं मोजकंच विचारून घेतलं. टॉमी कुठं ठेवत होता? दाराजवळ, नेहमीसारखी, कोणाच्याही हाताला लागेल अशी. तो ट्रक कोणाचा? भूपेंद्रचा. शनिवारी आणून टाकला आणि म्हणाला, काही खोलू नका, फक्त दिवा बंद करून द्या. शालीकराममामा कधी असं करतो का? बिघाड पाहिल्याबिगर तो दिवा बंद करत नव्हता.

तिथून ती थेट गॅरेजात आली. अलका मॅडम तिथं शिपायांना घेऊन उभी होती. म्हातारीला तिनं दारातच अडवलं.

"आजी, इथं येता येणार नाही."

"आली तं आली. हात लावत नाही, पाहून राहिली फक्त."

पाहता पाहता तिनं ट्रकला एक फेरी घातली. चाकावरच्या पत्र्यावर खडूच्या रेघा होत्या: चार लांब, दोन आखूड. पोलिसांना वाटलं, कशाची तरी मोजणी. बॅटरीच्या पेटीवर रक्ताचा अर्धा अंगठा उमटला होता. तो तपासणीला पाठवलाय, पोराचाच निघेल, असं मॅडम म्हणाली.

"बॅटरीशी माया पोराचं काय काम होतं?"

"ते तोच सांगेल."

"अन् हे घड्याळ कावून मागं चालून राहिलं?"

डॅशबोर्डवरच्या घड्याळात सात चाळीस झाले होते. मॅडमच्या मनगटावर बरोबर दहा.

"जुना ट्रक, बिघडलं असेल," मॅडम म्हणाली.

"काल दुपारी बारा वाजता मी शालीकरामले चहा दिला. तो केबिनीत बसला होता. याच घड्याळात पाहून म्हणाला, बाई, बारा वाजले, आज उशीर केला. तवा बरोबर होतं."

मॅडम केबिनीत डोकावली. बॅटरी काढून पुन्हा जोडली की असलं घड्याळ बारापासून सुरू होतं, हे तिला पार्वताबाईनं समजावून सांगितलं. दोन तास वीस मिनिटं मागं. म्हणजे बॅटरी जोडली दोन वाजून वीस मिनिटांनी. आणि पेटीवर रक्ताचा अंगठा. म्हणजे बॅटरीला हात लावणारा म्हाताऱ्याला मारून आला होता.

"दोन वीसला खुशाल बिरसीला होता," मॅडम स्वतःशीच बोलल्यासारखं बोलली.

"मी तं कालपासून तेच बोंबलून राहिली."

मग पार्वताबाई ट्रकसमोर जाऊन उभी राहिली. ट्रक पंधरा वर्षांचा, दारं गंजलेली, आणि तोंडावरची जाळी मात्र कालच्या नवरीसारखी कोरी. तिनं मोबाईलचा उजेड आत टाकला. एक बारीक तार तुटून लोंबत होती. तारेत काय गुंतलंय ते पाहून तिनं मान फिरवली. मॅडमला बोलावलं, दाखवलं. मॅडमनं वाकून आत पाहिलं. मग भूपेंद्रला फोन लावला.

भूपेंद्र पांढरे कपडे घालून आला. सात ट्रकचा मालक, सुरुवात क्लीनरपासून केलेली. रविवारी कुठं होता? भाचीच्या लग्नात, इथंच फुलचूरच्या हॉलमध्ये, दिवसभर. मधे बाहेर पडला? नाही. ट्रकमध्ये बिघाड काय होता? काही खास नाही, दिवा उगाच लागायचा.

"शालीकरामनं काही सांगितलं का?"

"सांगायला होतं काय, मॅडम? गाडी एकदम क्लिअर आहे. तुम्हीच देखो."

तो केबिनीत चढला. चावी फिरवली, डॅशबोर्डखालचं बटण दाबलं आणि मॅडमकडे पाहून हसला.

पिवळा दिवा लागला. लांब. लांब. लांब. लांब. थांबला. आखूड. आखूड.

भूपेंद्रनं बटण पुन्हा दाबलं. दिव्यानं पुन्हा तेच सांगितलं. त्याचं हसू तोंडावरच वाळलं.

"बेचाळीस," पार्वताबाई म्हणाली. "हवा किती गरम हाये ते पाहणाऱ्या सेन्सरची तार. जाळीच्या मागं असते. वीस वर्षं ऐकून राहिली मी, मले कोणत्या मशीनचं काम नाही."

"तार तं कधीही तुटते, काकी."

"तुटते. पण तारेत बाईचे केस गुंतत नाही. हिरव्या बांगडीचा तुकडा गुंतत नाही. तुया ट्रकनं गीताबाईले ओढत नेलं. तू जाळी बदलली, बंपर बदलला. तार तुले दिसली नाही. दिवा मात्र विझेना, म्हणून तू शालीकरामकडं आला, खोलू नको म्हणाला. त्यानं रेघा मारल्या, जाळीत पाहिलं, अन् तुले फोन केला. तू लग्नातून उठून आला. त्याची पाठ फिरली तशी दाराजवळची टॉमी उचलली."

"बकवास आहे हे."

"बॅटरी काढली की ट्रक जुनं सगळं विसरते, हे तुले ठाऊक होतं. म्हणून रक्ताच्या हातानं बॅटरी काढली, जोडली अन् पळाला. चावी लावून पाहाले धीर नव्हता. जुना बिघाड पुसल्या जाते. पण तार तं तुटलेलीच होती. चावी फिरवली, बिघाड परत आला. क्लीनर होता तवा शिकला असता तं बरं झालं असतं."

अलका मॅडमनं त्याचा उजवा अंगठा मागितला, ठशाशी ताडून पाहायला. भूपेंद्रनं केबिनीतून उडीच मारली, हातात सीटखालचा लोखंडी पाना. पहिला वार पार्वताबाईच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा बसायच्या आत मॅडमनं त्याच्या मनगटावर लाठी हाणली. मग शिपायांनी त्याला त्याच तेलकट जमिनीवर पालथा पाडला, नाक फुटेस्तोवर.

"ते बाई अचानक समोर आली," तो रक्त थुंकत म्हणाला. "अपघात होता."

"होता," पार्वताबाई खाली बसत म्हणाली. "तू थांबला असता तं अपघातच राहिला असता."

तीन वाजता खुशाल सुटला. शालीकरामचं शव घरी आलं होतं, तिरडी बांधून झाली होती. हात गळ्यात बांधलेली पार्वताबाई पोराला तिथं घेऊन आली. तो दाराशीच अडला. त्याला पाहून बायांचं रडणं थांबलं.

"मी कोणत्या तोंडानं जाऊ, आई? आखरी भेटीत मी त्यायले मारलं."

"ते आता तुयाजवळच राहील, जलमभर," ती म्हणाली. "चाल. खांदा दे."