स्टेपनीतली हवा

डेसने त्या सोमवारी जीप वॉलच्या दुकानात नेली ती अगदी साध्या कामाला. वाळवंटातली सहल दहा दिवसांवर आली होती, आणि क्वॉर्न गावातला शहाणा माणूस वाळवंटात शिरण्याआधी वॉलकडून टायर तपासून घेतो. वॉल सत्तरीचा. गुडघे गेलेले, जीभ मात्र शाबूत.

"रस्त्याला छत्तीस ठेव," चौथा नवा टायर चढवत तो म्हणाला. "वाळू लागली की उतरायचं आणि सगळ्यांची हवा अठरावर आणायची. आळस केलास तर पहिल्याच टेकडीत पोटापर्यंत रुतशील, मग मेरिल तुझ्या हातात फावडं देईल."

बडबडत तो मागच्या दारावरच्या स्टेपनीपाशी गेला. टोपण काढून मीटर लावलं, काढलं, परत लावलं.

"ही कधी भरलीस?"

"मी नाही. क्लाइव्हने भरलेली आहे."

क्लाइव्ह म्हणजे डेसच्या बायकोचा, मेरिलचा, पहिला नवरा, आणि त्याला जाऊन पाच वर्षं झाली होती.

"पाच वर्षांत चांगल्यातला चांगला टायरसुद्धा बसतो, गड्या. इथे चाळीसला चाळीस आहे." वॉलने टोपण लावलं आणि उगाचच हात पुसले. "रबर जुनं झालंय. बदलायला पाहिजे खरं तर. पण मी नाही हात लावायचा. आधी तिला विचार."

"गाडी माझी आहे, वॉल."

"आहे का?" वॉल म्हणाला.

डेसच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण वॉल खोटं काय बोलला होता? गाडी क्लाइव्हची, शेड क्लाइव्हची, शेडमधलं लाकडी स्टूलही क्लाइव्हचंच. बाईला सवत असते. पुरुषाच्या वाट्याला असा कोणी आला, तर त्याला काय म्हणावं हे मला ठाऊक नाही. पण दुखायचं तिथेच दुखतं, आणि समोरचा मेलेला असला की भांडायचीही सोय राहत नाही.

क्लाइव्ह सहलीच्या तयारीतच गेला होता. कॉम्प्रेसर बिघडलेला, म्हणून त्याने दुपारभर पायाच्या पंपाने ती स्टेपनी भरली, टोपण लावलं, स्टुलावर टेकला आणि परत उठलाच नाही. तेव्हापासून मेरिल दर रविवारी ओल्या फडक्याने तो टायर पुसायची. अगदी सावकाश, एखाद्याचं तोंड पुसावं तशी. डेसची कंबर धरली होती तेव्हा त्याला पंधरा दिवसांत कोणी 'कसं वाटतंय' म्हणून विचारलं नव्हतं. चार वर्षांच्या संसारात ती त्याच्याशी कधी वाकडं वागली नाही, हे खरं. पण शेजाऱ्याशीही माणूस तसंच नीट वागतं.

म्हणून तर ही सहल. घर, शेड, गाव सगळं मागे टाकून ती एकदा आपल्याकडे बघेल, क्लाइव्हकडे बघायची तशी, एवढीच त्याची हाव होती. ती तयार झाली. एक अट घातली.

"टायर हवे तेवढे बदल. स्टेपनीला मात्र हात लावू नकोस. त्याच्या हातची आहे ती."

हवेचा मत्सर! डेसला स्वतःचीच लाज वाटली, आणि तरी गुरुवारी दुपारी मेरिल मैत्रिणींकडे गेल्यावर तो शेडमध्ये शिरला. बाहेर धुळीचा वारा सुटला होता. त्याने पत्र्याचं दार लावून घेतलं, स्टेपनी उतरवून जमिनीवर ठेवली आणि व्हॉल्व्हमधली पिन काढली.

हवा सुटली. पिन काढल्यावर टायर पाच मिनिटांत रिकामा होतो. डेस स्टूल ओढून त्याच्यावर ओणवा बसला, तोंड अगदी जवळ नेऊन. त्याला ती जाताना बघायची होती. वास रबराचा नव्हता. पेपरमिंटच्या गोळ्या, दाढीचा साबण, आणि त्याच्या खाली काहीतरी आंबूस, आजारी माणसाच्या तोंडाला येतो तसला.

दहा मिनिटं झाली. हवा येतच होती. मग थांबली. डेस उठणार, तेवढ्यात पुन्हा सुरू झाली... पुन्हा थांबली... आणि सुरू झाली. डेस ऐकत राहिला. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आलं की ती थांबली की आपण श्वास आत घेतोय.

शेवटी टायर बसला. त्याने आपल्या कॉम्प्रेसरने चाळीस हवा भरली, स्टेपनी जागच्या जागी अडकवली आणि दार उघडलं. त्याला फार बरं वाटत होतं. घालवला एकदाचा, असं तो मनाशी म्हणाला.

मेरिल परतली ती उंबऱ्यात क्षणभर थबकली. मग सरळ त्याच्यापाशी आली आणि पाठीवर हात ठेवला.

"दमलास का रे?"

डेसचे डोळेच भरून आले. चार वर्षांत पहिल्यांदा तिने असं विचारलं होतं. त्या दिवसापासून घराचं रूपच पालटलं. ती त्याच्यापाशी बसायची, त्याची कॉलर नीट करायची. चहात दोन चमचे साखर घालून द्यायची. डेस बिनसाखरेचा पिणारा, पण तो बोलला नाही. चहा त्याला आवडलाही.

वाळवंटात तिसऱ्या दिवशी भर दुपारी, लाल टेकड्यांच्या ऐन मध्यावर, मल्गाच्या झुडपाच्या खुंटाने पुढचा टायर फाडला. माश्या घोंगावत होत्या, वारा पडला होता. मेरिल गाडीच्या सावलीत बसली आणि डेसने जॅक लावून स्टेपनी चढवली. नट आवळताना कोणीतरी शीळ घालत होतं, गोड, खालच्या पट्टीत. डेसने मान वर केली. शीळ थांबली. त्याचे स्वतःचेच ओठ अजून गोल होते, आणि डेसला जन्मात कधी शीळ घालता आली नव्हती.

त्याने मनगटाने ओठ पुसले. तरी मत्सर मोठा वाईट. आपण जिंकलो हे तिला सांगितल्याशिवाय त्याला राहवेना.

"मेरिल... मी ह्यातली हवा सोडली. त्याची. सगळी."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"त्याच संध्याकाळी. उंबऱ्यातच कळलं."

"मग... रागावली नाहीस?"

ती उठून आली. त्याच्या छातीवर तळवा ठेवून उभी राहिली. चार वर्षं ज्या नजरेसाठी तो झुरला होता, ती नजर आता त्याच्यावर होती, आणि ती त्याच्या चेहऱ्यावर नव्हतीच. छातीवर होती, तळव्याच्या खाली.

"कशाला रागावू?" ती हळूच म्हणाली. "वाया थोडीच गेली?"

"मेरिल, मी डेस आहे. मी..."

"शूऽऽ." तिने त्याच्या ओठांवर बोट ठेवलं. "जास्त बोलू नकोस आता. जपून पुरवायचंय. बोललास की संपतं रे..."

डेसला कळलं. पोटातून एक मोठा श्वास सोडायचा, ओरडायचं, घसा फाटेस्तोवर ओरडायचं, की तो मेलेला निघून जाईल इथल्या वाळूत. मग तो तळवाही निघेल. परत रात्री पाठीला पाठ, परत ते नीट वागणं. मत्सराने त्याचं अंग पेटलं. त्याला खायला उठलेला माणूस त्याच्याच बरगड्यांमागे होता, आणि बायको त्याला त्याच्याच कातडीवरून गोंजारत होती.

त्याने तोंड मिटलं.

मेरिल हसली. गाडीत बसल्यावर तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्याने गाडी सुरू केली, टेकडी चढवली, उतरवली. दुसरी चढवली. पुढे पांढरं मिठाचं मैदान लागलं, तेही पार झालं. तो ओठ घट्ट दाबून चालवत राहिला, आणि तिचा हात छातीवरून हलला नाही.

सातवी टेकडी उतरताना त्याच्या लक्षात आलं की निघाल्यापासून त्याने श्वास घेतलेला नाही. आणि घ्यावासाही वाटत नव्हता.